थांबवलेली सर्व्हिस रीबूटनंतर परत का उठते? जुन्या-नव्या इनिटवर सर्व्हिस चालू-बंद करण्याची रीत

एका सर्व्हरवर मी अपाची या वेब सर्व्हरच्या जागी एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर बसवला होता. अपाची काढून टाकलं नव्हतं, नुसतं थांबवलं होतं. साइट नीट चालत होती, पाच महिने कुणाची तक्रार नाही. मग कर्नलचं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचं, अपडेट आलं, मशीन रीबूट केलं, आणि साइट उघडली तर समोर अपाचीचं मूळ पान: ‘इट वर्क्स!’ एंजिनएक्सच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, ८० नंबरचं पोर्ट मिळत नाही, पत्ता आधीच वापरात आहे. बूट होताना अपाची आधी उठलं, त्यानं पोर्ट धरलं आणि एंजिनएक्स दारातच अडलं.

चूक साधी होती. प्रत्येक सर्व्हिसबद्दल, म्हणजे पाठीमागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, दोन वेगळे प्रश्न असतात आणि मी एकच सोडवला होता. पहिला प्रश्न: ती आत्ता चालू आहे का? दुसरा: पुढच्या बूटला ती आपोआप सुरू होणार आहे का? स्टार्ट आणि स्टॉप या कमांड पहिल्या प्रश्नाच्या, एनेबल आणि डिसेबल दुसऱ्याच्या. आत्ता चालू पण बूटला न येणारी सर्व्हिस असू शकते, आणि आत्ता बंद पण बूटला हमखास उठणारीही असू शकते. इनिट, म्हणजे बूटला सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम, कुठलंही असो, हे दोन प्रश्न मनात सुटे ठेवलेत की बाकी फक्त कमांडचे शब्द बदलतात.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. ‘सीटीएल’, ‘आरसी’, ‘ईटीसी’ असं सुटं ऐकू येतं तिथे सुटी अक्षरंच आहेत. स्पेलिंग अडलं तर पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, शेल पुढचं सुचवतं.

पायरी १: आपल्या मशीनवर कोणतं इनिट आहे ते बघा

कर्नल उठल्यावर तो सगळ्यात आधी एकच प्रोसेस सुरू करतो. तिचा नंबर १. बाकी सगळ्या सर्व्हिस तिच्यापासून पुढे जन्मतात. हीच इनिट. लिनक्सवर तिचं नाव असं कळतं:

कॅट /प्रॉक/१/कॉम

उत्तर ‘सिस्टमडी’ आलं तर प्रश्न मिटला. ‘रनिट’ आलं तर तेही स्पष्ट आहे. नुसतं ‘इनिट’ आलं तर थोडा शोध घ्यावा लागतो. ‘इनिटसीटीएल व्हर्जन’ चालवा. अपस्टार्ट असेल तर ते आपलं नाव सांगेल. तशी कमांडच नसेल तर ‘आरसी-स्टेटस’ चालवा; यादी आली तर ते ओपनआरसी. दोन्ही नसतील आणि /ईटीसी/इनिटटॅब ही फाइल दिसत असेल, तर तुम्ही जुन्या सिसव्ही इनिटवर आहात.

‘सर्व्हिस’ ही कमांड चालली म्हणजे जुनं इनिट आहे, असा अंदाज बांधू नका. ती कमांड नव्या मशीनवरही सोयीसाठी ठेवलेली असते आणि आतून सिस्टमसीटीएललाच हाक मारते. मी स्वतः तिच्यावरून फसलो आहे.

पायरी २: हात लावण्याआधी

जी सर्व्हिस बंद करायची ती नेमकं काय करते, हे आधी वाचा. यादीतलं नाव ओळखीचं नाही म्हणून ती निरुपयोगी आहे, असं होत नाही. सिस्टमडीवर ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की एका ओळीत वर्णन, युनिट फाइलचा (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलचा) पत्ता आणि लॉगच्या शेवटच्या ओळी मिळतात. तिच्यावर कोण अवलंबून आहे ते असं दिसतं:

सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स एंजिनएक्स.सर्व्हिस

मशीन दूर असेल आणि तुम्ही एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगइन करून, आत असाल, तर एसएसएच आणि नेटवर्कच्या सर्व्हिसना हात लावताना फार जपून. यात एक फसवी गोष्ट आहे. एसएसएचची सर्व्हिस थांबवली तरी सहसा तुमची उघडी खिडकी चालूच राहते. आधी जोडलेल्या सेशनना ती धक्का लावत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. खरी परीक्षा दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगइन करून बघण्याची. ते जमलं तरच पहिली खिडकी बंद करा.

आणि सुरुवातीची स्थिती लिहून ठेवा. कोणत्या सर्व्हिस एनेबल आहेत त्याची यादी एका फाइलमध्ये काढली की नंतर तुलना करता येते:

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड > आधी.टीएक्सटी

पायरी ३: सिसव्ही, म्हणजे सगळ्याचं मूळ

नवीन शिकणाऱ्यानं आधी जुनी पद्धत बघावी, असं माझं ठाम मत आहे, भले तुमच्या मशीनवर सिस्टमडी असो. कारण एनेबल म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

सिसव्ही हे नाव एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्ह या युनिक्सवरून आलं, जे १९८३ मध्ये बाहेर पडलं. त्यातलं ‘व्ही’ हे अक्षर म्हणजे रोमन पाच. या पद्धतीत प्रत्येक सर्व्हिसची एक शेल स्क्रिप्ट /ईटीसी/इनिट.डी या डिरेक्टरीत असते. तिला स्टार्ट किंवा स्टॉप हा शब्द दिला की ती तसं करते. मशीनच्या अवस्थांना रनलेव्हल म्हणतात: ० म्हणजे बंद, १ म्हणजे दुरुस्तीसाठीचा एकट्याचा मोड, ६ म्हणजे रीबूट. मधल्या आकड्यांचा अर्थ डिस्ट्रोगणिक (डिस्ट्रो म्हणजे डेबियन, रेड हॅटसारखी लिनक्सची तयार आवृत्ती) बदलतो. रेड हॅटच्या घराण्यात ३ म्हणजे टेक्स्ट आणि ५ म्हणजे ग्राफिकल. डेबियनमध्ये २ ते ५ मुळात सारखेच आणि नेहमीचा २.

आता रनलेव्हल ३ ची डिरेक्टरी उघडून बघा:

एलएस -एल /ईटीसी/आरसी३.डी

आत ‘एस२०एंजिनएक्स’, ‘के८०अपाची२’ अशी नावं दिसतील. या फाइल नाहीत, इनिट.डीमधल्या स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या लिंक आहेत. ‘एस’नं सुरू होणाऱ्या लिंकची स्क्रिप्ट स्टार्ट शब्दासह चालते, ‘के’वाली स्टॉपसह. पुढचे दोन आकडे क्रम ठरवतात, कमी आकडा आधी. एवढंच! सर्व्हिस एनेबल करणं म्हणजे ‘एस’ लिंक ठेवणं आणि डिसेबल करणं म्हणजे तिची ‘के’ करणं.

या लिंक हातानं बनवता येतात, पण बनवू नका, क्रमात हमखास गोंधळ होतो. डेबियन आणि त्याच्या वंशातल्या डिस्ट्रोंवर ही कमांड आहे (‘सुडो’ म्हणजे ती ॲडमिनच्या अधिकारानं चालवणं):

सुडो अपडेट-आरसी.डी अपाची२ डिसेबल
सुडो अपडेट-आरसी.डी अपाची२ एनेबल

रेड हॅटच्या बाजूला:

सुडो सीएचकेकॉन्फिग एचटीटीपीडी ऑफ
सुडो सीएचकेकॉन्फिग एचटीटीपीडी ऑन
सीएचकेकॉन्फिग --लिस्ट

शेवटची कमांड प्रत्येक सर्व्हिससमोर ० ते ६ रनलेव्हल मांडून ऑन-ऑफ दाखवते, आणि ती यादी वाचायला फार सोपी. रनलेव्हल न सांगता ऑन किंवा ऑफ म्हटलं तर २, ३, ४ आणि ५ बदलतात. ठरावीकच हवे असतील तर ‘--लेव्हल ३५’ असं जोडा. या कमांडपैकी कोणतीही चालू सर्व्हिसला आत्ता थांबवत नाही. त्यासाठी ‘सुडो सर्व्हिस अपाची२ स्टॉप’ वेगळं द्यावं लागतं.

डेबियनवर एक खड्डा आहे. अपडेट-आरसी.डीला ‘रिमूव्ह’ असाही शब्द देता येतो आणि नवखा माणूस तोच निवडतो, कारण तो जास्त पक्का वाटतो. रिमूव्ह सगळ्या लिंक काढून टाकतो. मग पुढे पॅकेजचं अपडेट येतं, बसवणारी स्क्रिप्ट बघते की या सर्व्हिसची एकही लिंक नाही, म्हणजे ही नवीच दिसते, आणि सगळ्या लिंक पुन्हा घालते. सर्व्हिस परत जिवंत. डिसेबलमध्ये ‘के’ लिंक मागे राहते, आणि ती असली की अपडेट तुमच्या निर्णयाला हात लावत नाही. म्हणून पॅकेज मशीनवर ठेवायचं असेल तर डिसेबलच. रिमूव्ह हा स्क्रिप्ट कायमची गेल्यानंतर मागची साफसफाई करण्यासाठी आहे.

पायरी ४: अपस्टार्ट, भेटलंच तर

कॅनॉनिकलनं बनवलेलं अपस्टार्ट २००६ मध्ये उबुंटू ६.१० सोबत आलं आणि १५.०४ मध्ये उबुंटू सिस्टमडीवर गेलं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ मध्येही तेच होतं. आता ते फक्त जुन्या, कुणी हात न लावलेल्या मशीनवर भेटतं. त्याच्या फाइल /ईटीसी/इनिट मध्ये असतात, शेवटी ‘.कॉन्फ’. इनिट आणि इनिट.डी यांत गल्लत करू नका. मूळ फाइल न बदलता सर्व्हिस बूटला येऊ नये म्हणून:

एको मॅन्युअल | सुडो टी /ईटीसी/इनिट/एंजिनएक्स.ओव्हरराइड

ही ओव्हरराइड फाइल उडवली की सर्व्हिस पुन्हा आपोआप सुरू व्हायला लागते. आत्ताचं काम ‘सुडो स्टॉप’ किंवा ‘सुडो स्टार्ट’ आणि पुढे नाव.

पायरी ५: सिस्टमडी

बहुतेकांचा रोजचा संबंध याच्याशीच. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये पुढे आणलं. २०११ मध्ये फेडोरा १५ नं ते घेतलं, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ नं, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ नं. स्क्रिप्टच्या जागी इथे युनिट फाइल आल्या. पॅकेजच्या फाइल /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम मध्ये आणि तुमचे बदल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर ईटीसीमधली चालते.

सर्व्हिस एनेबल करा आणि पडद्यावर काय येतं ते लक्ष देऊन वाचा:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल एंजिनएक्स

उत्तरात एक लिंक तयार झाल्याचं सांगितलेलं असतं. ती /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मल्टी-युझर.टार्गेट.वॉन्ट्स या डिरेक्टरीत असते आणि पॅकेजच्या युनिट फाइलकडे बोट दाखवते. सिसव्हीतली ‘एस’ लिंक आठवली ना? तीच कल्पना, रनलेव्हलच्या जागी टार्गेट. कोणत्या टार्गेटखाली लिंक घालायची हे युनिट फाइलच्या शेवटच्या ‘इन्स्टॉल’ भागात ‘वॉन्टेडबाय’ या ओळीत लिहिलेलं असतं. डिसेबल ती लिंक काढतं.

डेबियन-उबुंटूवर कधी कधी त्याआधी आणखी एक ओळ येते, सिसव्ही स्क्रिप्टशी स्थिती जुळवत आहे अशा अर्थाची. ती पाहून घाबरू नका. त्या पॅकेजसोबत जुनी इनिट.डी स्क्रिप्टही आलेली असते आणि दोन्हीकडे तोच निर्णय लिहिला जात असतो.

दोन्ही प्रश्न एका फटक्यात सोडवायचे तर ‘--नाऊ’ जोडा:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ अपाची२

बूटची लिंक गेली आणि आत्ताची प्रोसेसही थांबली. मला त्या दिवशी हीच कमांड हवी होती. दोन्ही प्रश्नांची खातरजमाही वेगवेगळी करायची:

सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह अपाची२
सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड अपाची२

दुसऱ्या कमांडचं उत्तर दर वेळी ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ इतकं सरळ नसतं, आणि नवखे इथेच अडकतात. ‘स्टॅटिक’ आलं तर त्या युनिटमध्ये ‘इन्स्टॉल’ भागच नाही. ते स्वतःहून बूटला जोडता येत नाही, दुसरं कुणीतरी त्याला हाक मारतं. तिथे एनेबल-डिसेबल करत बसण्यात अर्थ नाही, हाक मारणारा शोधा. ‘मास्क्ड’बद्दल पुढे सांगतो. ‘जनरेटेड’ म्हणजे त्या सर्व्हिसची खरी युनिट फाइल नाही. सिस्टमडीनं ती बूटच्या वेळी दुसऱ्या कशावरून, बहुतेकदा जुन्या इनिट.डी स्क्रिप्टवरून, तयार केली आहे.

डिसेबल केलं तरी उठते, त्याची कारणं

डिसेबल म्हणजे बंदी नाही. बूटच्या वेळी स्वतःहून येऊ नकोस, एवढंच त्याचं म्हणणं. हाक मारणाऱ्यांचे तीन प्रकार मला पुन्हा पुन्हा भेटले आहेत.

पहिला प्रकार सॉकेटचा, म्हणजे ज्या दारावर सर्व्हिसकडे मागणी येते त्याचा. प्रिंटिंगची सर्व्हिस, कप्स, हे चांगलं उदाहरण. ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप कप्स.सर्व्हिस’ दिलं की सर्व्हिस थांबते, पण सोबत इशारा येतो: कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ हिला अजून उठवू शकतात. बरेच जण तो इशारा न वाचता पुढे जातात. इथे सिस्टमडी स्वतः सॉकेटवर कान लावून बसलेलं असतं. कुठल्याही प्रोग्रॅमनं प्रिंटरची चौकशी केली की ते कप्सला उठवतं. म्हणून तिन्ही एकत्र बंद करायचे:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ

दुसरा प्रकार टायमरचा. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स’ नं कोणता टायमर कधी, कोणाला उठवणार हे दिसतं. मॅन-डीबी.सर्व्हिस सारखी युनिट स्टॅटिक असते, तिला हलवून काही होत नाही. बंद करायचा तो मॅन-डीबी.टायमर. सुरक्षेची अपडेट आणणारे टायमर मात्र, पर्यायी व्यवस्था हातात नसेल तर, कृपा करून चालू ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसची गरज. एखाद्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्स’ किंवा ‘वॉन्ट्स’ म्हणून तुमच्या सर्व्हिसचं नाव असेल, तर ती उठताना हिलाही उठवते. पायरी २ मधली रिव्हर्स यादी इथे कामी येते.

एवढं करूनही खात्री वाटत नसेल, तर मास्क:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ अपाची२

आता बघा काय झालं:

एलएस -एल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/अपाची२.सर्व्हिस

लिंक /डेव्ह/नल कडे जाते. युनिट फाइलच्या जागी पोकळी ठेवली. आता बूट, सॉकेट, दुसरी सर्व्हिस किंवा तुम्ही स्वतः, कुणीही तिला सुरू करू शकत नाही. ‘युनिट मास्क्ड आहे’ असं उत्तर येतं. सोडवायला ‘अनमास्क’. पण ती लगेच एनेबल होईल असं समजू नका, आधीची जी स्थिती होती ती परत येते. युनिट फाइल तुम्ही स्वतः ईटीसीमध्येच लिहिली असेल तर मास्क नकार देतं, कारण लिंकच्या जागी खरी फाइल बसलेली असते. अशा वेळी ती फाइल तुमचीच आहे, हलवा किंवा डिसेबल करा.

मास्क हे जड हत्यार आहे. सहा महिन्यांनी दुसरा माणूस मशीनवर येतो, त्याला सर्व्हिस का उठत नाही ते कळत नाही. म्हणून मास्क केलंत तर कारण आणि तारीख लिहून ठेवा. पण एका कामाला मी ते मुद्दाम वापरतो. डेबियन-उबुंटूवर सर्व्हरचं पॅकेज बसवलं की ते सहसा तिथल्या तिथे सुरू होतं आणि एनेबलही होतं. फेडोरा आणि रेड हॅटवर बहुतेक सर्व्हिस तुम्ही सांगेपर्यंत गप्प असतात. तेव्हा डेबियनवर, कॉन्फिगरेशन लिहायच्या आधी सर्व्हिस उठू नये असं वाटत असेल, तर पॅकेज बसवण्याआधीच तिचं नाव मास्क करा. असं युनिट अजून नाही, अशी सूचना येते, तरी लिंक तयार होते. मग पॅकेज बसवा, कॉन्फिगरेशन लिहा, अनमास्क करा आणि ‘एनेबल --नाऊ’ द्या.

युनिट फाइल हातानं बदललीत तर ‘सुडो सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड’ द्यायला विसरू नका. एनेबल-डिसेबल ते आपलं आपण करतात.

पायरी ६: इतर इनिट, थोडक्यात

ओपनआरसी जेंटू आणि अल्पाइनवर भेटतं. इथे रनलेव्हलना आकडे नाहीत, नावं आहेत, आणि नेहमीचं नाव ‘डिफॉल्ट’:

आरसी-अपडेट ॲड एंजिनएक्स डिफॉल्ट
आरसी-अपडेट डेल एंजिनएक्स डिफॉल्ट
आरसी-सर्व्हिस एंजिनएक्स स्टार्ट

पहिल्या दोन कमांड बूटच्या, तिसरी आत्ताची.

व्हॉइड लिनक्सवरचं रनिट मात्र वेगळं. तिथे /ईटीसी/एसव्ही मधल्या सर्व्हिसची लिंक /व्हार/सर्व्हिस मध्ये घातली की काही सेकंदांत ती सुरूही होते, आणि लिंक काढली की थांबते. दोन्ही प्रश्न एकाच लिंकला बांधलेले. फक्त आत्तापुरतं थांबवायचं तर ‘एसव्ही डाऊन एंजिनएक्स’. लिंक ठेवून बूटला न उठवायची असेल, तर त्या सर्व्हिसच्या डिरेक्टरीत ‘डाऊन’ नावाची रिकामी फाइल ठेवा.

फ्रीबीएसडीवर सगळे निर्णय /ईटीसी/आरसी.कॉन्फ या एकाच फाइलमध्ये ओळीओळीनं असतात. ती हातानं उघडण्यापेक्षा ‘सिसआरसी’ वापरा:

सिसआरसी एंजिनएक्स_एनेबल=येस

इथे क्रम महत्त्वाचा. आधी ‘नो’ केलं आणि मग ‘सर्व्हिस एंजिनएक्स स्टॉप’ दिलं, तर सर्व्हिस एनेबल नाही म्हणून कमांड काम करत नाही आणि प्रोसेस तशीच चालू राहते. आधी थांबवा, मग ‘नो’ करा. उलटं होऊन बसलंच तर ‘वनस्टॉप’ हा शब्द आहे.

पायरी ७: रीबूट करून बघा

आपल्या सोयीची वेळ साधून, जागेपणी, लॉगइन हाताशी असताना मशीन एकदा रीबूट करा. अचानक वीज गेल्यावर जे कळेल ते आजच कळू दे. उठल्यावर आधी अपयशी युनिट बघा:

सिस्टमसीटीएल --फेल्ड

नवी यादी काढून ती जुन्या फाइलशी ‘डिफ’नं ताडून पाहा, तुम्ही जे बदललं त्याखेरीज एकही ओळ वेगळी दिसता कामा नये. एखादी सर्व्हिस उठली नसेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू एंजिनएक्स’ या बूटपुरता तिचा लॉग दाखवतं. आणि पोर्टवरून भांडण असल्याचा संशय असेल तर:

सुडो एसएस -एलटीएनपी

कोणत्या पोर्टवर कोणती प्रोसेस बसली आहे ते नावासकट दिसतं. त्या सर्व्हरवर मी अपाची ‘डिसेबल --नाऊ’ केलं, एंजिनएक्स सुरू केलं आणि त्याच रात्री पुन्हा एकदा रीबूट केलं. यादीत ८० समोर एंजिनएक्स होतं. पुढच्या आठवड्यात कॉन्फिगरेशनची प्रत काढून घेतली आणि अपाचीचं पॅकेजच काढून टाकलं.